दप्तरं पुरेत, आता पगार द्या!

परवा शुक्रवारी संध्याकाळी चकाला मेट्रो स्टेशनच्या खाली, नेहमीच्या टपरीवर, आमच्यात चांगलीच जुंपली. निमित्त अगदी साधं. आमच्या टीममधली एक मुलगी केनियातल्या एका छोट्याशा संस्थेला दरवर्षी पैसे पाठवते. तिची मावशी बरीच वर्षं नैरोबीला आहे, तिच्यामुळे ही ओळख. संस्था म्हणजे काय, तर खेड्यातली एक शाळा आणि आयांसाठी शेळ्या, कोंबड्या, बचत गट वगैरे. हे तिने कटिंग पिता पिता सहज सांगितलं आणि लगेच एकाने तोंड उघडलं, "अगं पण आफ्रिकेला कशाला? आपल्या इथे गरीब कमी आहेत का? आधी घरचं बघ ना!"

झालं. दुसरा म्हणाला, "आणि त्यातले किती पोचतात? निम्मे तर तिथल्या स्टाफच्या पगारातच जात असतील." तिसऱ्याने लगेच मोबाईलवर कुठल्यातरी संस्थेचा पाय चार्ट काढून दाखवला. मी नेहमीप्रमाणे कुंपणावर. घरी येताना मात्र डोकं भणभणायला लागलं, कारण ही दोन्ही वाक्यं मी स्वतः शंभर वेळा बोललो आहे. आणि माझी आता खात्री झाली आहे की ती दोन्ही चूक आहेत. नुसती चूक नाहीत, घातक आहेत. ह्या दोन वाक्यांनी जितक्या चांगल्या कामांचा गळा घोटला असेल तितका भ्रष्टाचारानेही घोटला नसेल. (बरं, हे जरा जास्त झालं. पण जरासंच.)

आधी पहिलं वाक्य घेऊ. "आधी घरचं बघ."

छान. घर म्हणजे नक्की कुठे? अंधेरीहून वेस्टर्न एक्सप्रेस हायवेने निघा, घोडबंदरचा फाटा मागे टाका, मनोरला उजवीकडे वळा, विक्रमगडवरून जव्हार आणि पुढे मोखाडा. ट्रॅफिक नसेल तर तीन-चार तासांचा रस्ता. २०१४ पर्यंत हा सगळा भाग ठाणे जिल्ह्यात होता, आता पालघरमध्ये आहे. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकर, कातकरी अशी वस्ती. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने लहान मुलं गेली तेव्हा हे नाव देशभरच्या पेपरांत आलं होतं. भाताची कापणी झाली की दिवाळीनंतर पाडेच्या पाडे रिकामे होतात. माणसं भिवंडी, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परत येतात. मुलं सोबत. शाळेचं वर्ष मध्येच तुटतं, ते परत जोडलं जातंच असं नाही.

आणि ह्याच मोखाडा तालुक्यात, कोचाळ्याजवळ, मध्य वैतरणा धरण आहे. मुंबई महापालिकेने बांधलेलं, २०१४ मध्ये लोकार्पण झालेलं. सकाळी शॉवरखाली उभे राहून आपण जे पाणी अंगावर घेतो ना, ते भातसा, तानसा, मोडकसागर आणि वैतरणेच्या ह्या धरणांमधून येतं. एप्रिल-मे मध्ये मोखाड्यातल्या बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघत उभ्या असतात, आणि त्यांच्या डोंगराखालून आपलं पाणी निघून येतं. त्यामुळे तिथे आपण जे काही देतो त्याला "दान" म्हणायचीच मला लाज वाटते. ती उधारी आहे. पाणीपट्टीत न लागलेली.

तेव्हा "घरचं बघ" हे मला मान्य आहे. शंभर टक्के. माझा प्रश्न एवढाच आहे की असं म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी घरचं बघितलं? माझा अनुभव असा, की जो माणूस केनियाला पैसे पाठवतो तोच मोखाड्यालाही पाठवतो. आणि जो "इथे कमी आहेत का" विचारतो तो कुठेच पाठवत नाही, तो फक्त विचारतो. शिवाय ही स्पर्धा मुळात खोटी आहे. कंपन्यांच्या सीएसआरचा पैसा कायद्याने भारतातच खर्च करावा लागतो (परदेशात खेळणाऱ्या आपल्या खेळाडूंच्या प्रशिक्षणासारखा एखादा अपवाद सोडून). म्हणजे केनियाच्या शाळेमुळे मोखाड्याचा एक रुपयाही कमी झालेला नाही. तो कमी होतो तो आपल्या नव्या फोनमुळे. पण फोन घेणाऱ्याला टपरीवर कोणी म्हणत नाही, "आधी घरचं बघ."

असो. खरा मुद्दा दुसऱ्या वाक्याचा आहे. "किती टक्के पगारात जातात?"

इथे मला एक कबुलीजबाब द्यायचा आहे. काही वर्षांपूर्वी मी तेव्हाच्या ऑफिसमधल्या "समाजासाठी काहीतरी करू या" कमिटीत होतो. कमिटी म्हणजे आम्ही सहा जण, एक एचआरवाली आणि एक एक्सेल शीट. मोखाड्याकडच्या एका पाड्यावर काम करणारी एक लहानशी संस्था आमच्याकडे आली होती. सगळी मिळून आठ माणसं. त्यांनी एक पानाचा अर्ज दिला होता, मराठीत. त्यात एकच मागणी होती. पाड्यावरची एक ताई संध्याकाळचा वर्ग चालवते, आईबाप भट्टीवर गेले की मुलं आजीपाशी मागे राहतील अशी व्यवस्था बघते, रोज घरोघरी फिरते. तिचा पगार महिना ९,००० रुपये. ज्यांच्याकडून तो यायचा त्यांची मुदत संपली. पुढच्या वर्षाचा पगार द्याल का? वर्षाचे १ लाख ८ हजार.

आम्ही काय केलं? आम्ही म्हणालो, "सॅलरीज आम्ही फंड करत नाही. पॉलिसी आहे." पॉलिसी कोणी लिहिली होती? कोणीच नाही. एक्सेलमध्ये एक कॉलम होता, "थेट लाभार्थी". ताईचा पगार त्या कॉलममध्ये बसत नव्हता. दप्तर बसत होतं. मग आम्ही २२० दप्तरं घेतली, ६५० रुपयांना एक. झाले १ लाख ४३ हजार. शिवाय आमच्यासाठी बस, जेवणाचे डबे आणि चाळीस टी-शर्ट (मागे लोगो, पुढे हसरा सूर्य), साधारण ६० हजार. एकूण २ लाख ३ हजार. नऊ हजाराने भागा. साडेबावीस महिने. म्हणजे ताईचा जवळजवळ दोन वर्षांचा पगार आम्ही एका शनिवारी उडवून आलो, आणि येताना मनोरला थांबून वडापाव खाताना आम्हाला खूप म्हणजे खूप छान वाटत होतं.

तिथे एका मुलाला मी दप्तर दिलं. त्याने ते घेतलं, फोटोसाठी नीट उभा राहिला (सवय होती बिचाऱ्याला) आणि मग म्हणाला, "दादा, माझ्याकडे दोन आहेत." त्याआधी दोन कंपन्या येऊन गेल्या होत्या.

पुढच्या पावसाळ्याआधी संस्थेच्या एका माणसाचा फोन आला होता, काहीतरी हिशेबाच्या कागदासाठी. मी आपला सहज विचारलं, ताई कशा आहेत? ताई सहा महिन्यांपूर्वीच गेली, म्हणाला. भिवंडीला गोडाऊनमध्ये पॅकिंगला लागली. दोष कसा देणार? तिलाही घर आहे. आणि वर्ग? वर्ग बंद. त्या दिवाळीनंतर अकरा मुलं आईबापांबरोबर भट्टीवर गेली. दप्तरं घेऊन गेली की नाही, हे मात्र मी विचारलं नाही.

हे लिहायला मला इतकी वर्षं लागली.

आता आपण सगळे सॉफ्टवेअरवाले आहोत, तर आपल्याच भाषेत बोलू. एखादं अ‍ॅप्लिकेशन बनवायला जेवढा खर्च येतो त्याहून जास्त खर्च ते पुढची दहा वर्षं चालू ठेवायला येतो, हे आपल्याला पहिल्या अप्रेझलच्या आधी कळतं. सपोर्ट टीम काढून टाकून नुसते सर्व्हर विकत घेत बसणाऱ्या मॅनेजरला आपण काय म्हणू? (इथे लिहिण्यासारखं नाही.) आणि मोठ्या आयटी सर्व्हिस कंपन्यांचे ताळेबंद काढून बघा, एकूण खर्चातला अर्ध्याहून जास्त खर्च माणसांवर असतो. ते ओव्हरहेड आहे का? नाही, तोच धंदा आहे. तो ओव्हरहेड म्हणजे तुम्ही आणि मी! आपला पगार "टॅलेंट", आणि पाड्यावरच्या ताईचा पगार "गळती"? ह्या हिशेबाला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

कोणी म्हणेल, हे भावनेचं झालं, डेटा दाखव. दाखवतो. आणि गंमत म्हणजे हा डेटा आफ्रिकेतून सुरू होऊन मुंबईत येतो आणि परत आफ्रिकेत जातो.

पश्चिम केनियात बुसिया नावाचा भाग आहे. १९९० च्या दशकात तिथल्या खेड्यांतल्या शाळांमध्ये एका संस्थेने पाठ्यपुस्तकं वाटली. वर्गात चार-पाच मुलांत एक पुस्तक, मग पुस्तकं दिली की मुलं शिकणार, इतकं सरळ. मायकेल क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही शाळांना पुस्तकं देऊन आणि काहींना न देऊन फरक मोजला. सरासरी मुलाच्या गुणांत फरक शून्य. फायदा झाला तो फक्त आधीच हुशार असलेल्या वरच्या मुलांना. कारण? पुस्तकं इंग्रजीत, आणि इंग्रजी ही तिथल्या बऱ्याच मुलांची तिसरी भाषा. बाकीच्यांना ती वाचताच येत नव्हती. आपल्याकडे वारली बोलणाऱ्या पोराच्या हातात पुण्याच्या मराठीतलं पुस्तक दिलं की काय होतं, ते जव्हारच्या कुठल्याही गुरुजींना विचारा.

आता मुंबई. ९० च्याच दशकात इथल्या वस्त्यांमध्ये "प्रथम" सुरू झालं. माधव चव्हाण हे मूळचे रसायनशास्त्राचे माणूस, फरिदा लांबे समाजकार्यातल्या. त्यांचा एक कार्यक्रम होता, बालसखी. महापालिकेच्या शाळेतली तिसरी-चौथीची जी मुलं वाचनात, गणितात मागे पडली आहेत त्यांना रोज दोन तास वेगळं बसवायचं आणि वस्तीतलीच दहावी-बारावी झालेली एक मुलगी त्यांना शिकवणार. बस. इमारत नाही, प्रोजेक्टर नाही. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ मध्ये मुंबई आणि बडोद्यात हे मोजलं. मुलं शिकली, आणि सगळ्यात जास्त फायदा तळाच्या मुलांना झाला. बडोद्यात त्यांनी कॉम्प्युटरवर गणिताचे खेळ देऊनही बघितले. त्यानेही गणित सुधारलं, खोटं कशाला बोला. पण त्याच पैशात बालसखीने कितीतरी जास्त काम केलं. कॉम्प्युटरवर पोट असलेला माणूस हे लिहितो आहे, लक्षात घ्या.

२०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल बॅनर्जी, डुफ्लो आणि क्रेमर ह्या तिघांनाच मिळालं. आणि प्रथमची ती पद्धत, म्हणजे मुलाला इयत्तेप्रमाणे नाही तर त्याला जेवढं येतं तिथून पुढे शिकवायचं, ती २०१६ पासून झांबियाच्या सरकारी शाळांत "कॅच अप" ह्या नावाने गेली. म्हणजे मुंबईच्या वस्तीतून निघालेली गोष्ट आफ्रिकेच्या खेड्यात पोचली. "आफ्रिकेला कशाला" म्हणणाऱ्यांनी ह्यावर जरा विचार करावा. ज्ञान असं फिरतं. दप्तर फिरत नाही.

पण ह्या गोष्टीतली एक बोच राहतेच. जिच्यावर एवढे पेपर लिहिले गेले त्या बालसखीला मिळत होते महिना पाचशे ते साडेसातशे रुपये. तेव्हाचे झाले तरी किती? चमत्कार तिचा, पण तिचा पगार म्हणजे ओव्हरहेड.

आता उलटी बाजू. वस्तूंवर पैसे उधळले की काय होतं ह्याचा कळस दक्षिण आफ्रिकेत झाला. मेरी-गो-राउंडला जोडलेला पंप, नाव प्लेपंप. मुलं खेळणार, चक्र फिरणार, विहिरीचं पाणी वर टाकीत जाणार. काय आयडिया आहे! २००६ मध्ये अमेरिकेत त्यासाठी १ कोटी ६४ लाख डॉलर जाहीर झाले, लॉरा बुश, बिल क्लिंटन सगळे हजर. २०१० पर्यंत ४,००० पंप बसवायचे. मग कोणीतरी साधा गुणाकार केला. पंप सांगितला तेवढ्या लोकांना पुरायचा तर मुलांनी दिवसाला २७ तास खेळायला हवं होतं! मुलं काही दिवसांत कंटाळली. मोझांबिकमध्ये म्हाताऱ्या बायका ते चक्र हाताने ढकलत पाणी काढताना दिसल्या. बिघडला तर दुरुस्त करायला गावात माणूस नाही, आणि पूर्वीचा साधा हातपंप कित्येक ठिकाणी आधीच काढून टाकलेला. थोडक्यात काय, डेमो सुंदर, प्रॉडक्शनमध्ये आपटलं, सपोर्टला कोणी नाही. ओळखीचं वाटतंय ना?

इथे कोणीतरी म्हणणार, मग वस्तू कधीच देऊ नये का? तसं नाही. आठवीपासूनच्या मुलींना मानव विकास कार्यक्रमातून सायकल मिळते, त्यांच्यासाठी एसटीच्या वेगळ्या निळ्या गाड्याही सोडल्या. त्याचा उपयोग होतो, कारण मुलगी घरी बसायचं कारणच शाळा लांब हे असतं. केनियात तर सरळ रोख पैसे देणाऱ्या योजना आहेत, आणि त्यांचे अभ्यासही चांगले आलेत. म्हणजे मुद्दा वस्तू वाईट हा नाही. मुद्दा असा की काय हवं हे कोणीतरी तिथे राहून, विचारून, बघून ठरवलं होतं. ते बघणारं "कोणीतरी" हवेवर जगत नाही.

आणि हे सगळं शिकायला नोबेलपर्यंत जायचीही गरज नव्हती. आपल्या पालघर जिल्ह्यातच होतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. आदिवासी मुलं शाळेत येईनात, कारण ती गुरं चारायला जायची. आज आपण काय केलं असतं? त्यांना टॅबलेट वाटले असते. ह्या बायकांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा! गुरं चरतायत, पोरं शिकतायत. लहान मुलं येईनात तर वर्ग त्यांच्या अंगणात नेला, आणि "अंगणवाडी" हा शब्द तिथून आला. पुढे १९७५ मध्ये केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना काढली तेव्हा देशभरच्या केंद्रांना हेच नाव मिळालं. अनुताई १९९२ मध्ये गेल्या, तोपर्यंत तिथेच होत्या. सत्तेचाळीस वर्षं! ह्या कामाचा "थेट लाभार्थी" कॉलम कसा भरायचा, मला कोणी सांगेल का?

आणि त्या अंगणवाडीचं आज काय? आजही अंगणवाडी ताईंना पगार नाही, मानधन आहे. २०२३ च्या डिसेंबरात राज्यभरच्या ताई संपावर गेल्या त्या ह्याच दुखण्याने. "मानधन" हा आपल्या भाषेतला सगळ्यात लबाड शब्द आहे. ज्याला नीट पैसे द्यायचे नसतात त्याला आपण मान देतो. तुमच्या मॅनेजरने पुढच्या महिन्यापासून तुम्हाला मानधन द्यायचं ठरवलं तर? बघा, नुसतं वाचूनच पोटात गोळा आला की नाही.

रोजगाराचंही तसंच. जव्हारकडे बाएफने आदिवासी शेतकऱ्यांच्या साधारण एकरभर डोंगरउतारावर आंबा-काजूच्या वाड्या उभ्या केल्या. मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरुळीकांचनला सुरू केलेली ही संस्था. आता रोपं वाटणं सोपं आहे, ५ जूनला आपली ऑफिसं दरवर्षी तेच करतात. एक रोप, एक फोटो, पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात दुसरं रोप. पण आंब्याचं कलम फळायला चार-पाच वर्षं लागतात. तोपर्यंत उन्हाळ्यात पाणी घालायचं, गुरांपासून वाचवायचं, मधल्या जागेत भाजी नाहीतर मोगरा लावून घर चालवायचं. विक्रमगड, जव्हारचा मोगरा दादरच्या फूलबाजारात येतो, तुम्ही कधीतरी घेतलाही असेल. ह्या पाच वर्षांत दर पंधरा दिवसांनी वाडीवर जाऊन "हे पान पिवळं का पडलं" सांगणारा जो माणूस आहे, तोच खरा प्रकल्प आहे. रोप हा त्याचा कच्चा माल.

आता कायद्याकडे येऊ, कारण टपरीवर सगळे कायद्याचा हवाला देतात. "सीएसआरमध्ये पाच टक्क्यांपेक्षा जास्त अ‍ॅडमिन चालत नाही." चूक. नियम नीट वाचा. ती पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण व्यवस्थापन खर्चावर आहे. २०२१ च्या दुरुस्तीत व्याख्याच दिली आहे, आणि प्रकल्प प्रत्यक्ष राबवण्याचा खर्च त्यात येत नाही. शिकवणारी ताई म्हणजे अ‍ॅडमिन नव्हे, ती प्रकल्प आहे. आमच्या कमिटीने हे वाचलं असतं तर... असो. परदेशी देणग्यांचा कायदा मात्र खरंच आवळला आहे. २०२० मध्ये प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आणली, आणि एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला परदेशी पैसा द्यायला बंदी झाली. मोठ्या संस्थेकडून खेड्यातल्या लहान संस्थेकडे पैसा झिरपायची वाटच बंद. म्हणजे लहान संस्थांना आता तुमच्या-माझ्यासारख्या पगारदार माणसाशिवाय फारसा आधार नाही. आणि आपण त्यांना काय देतो? दप्तर.

मी आंधळेपणाने पैसे द्या म्हणत नाही. लबाड संस्था आहेत, भरपूर आहेत. पण पगाराची टक्केवारी बघून लबाडी कळत नाही. ज्याला चोरी करायची आहे तो पाय चार्ट सगळ्यात सुंदर काढतो. माझे आता तीनच प्रश्न असतात. एक, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आणि गेल्या तीन वर्षांचा ऑडिट रिपोर्ट दाखवता का? दोन, पाच वर्षांपूर्वी जी माणसं कामावर होती त्यातली किती अजून आहेत? तीन, मागच्या वर्षी काय फसलं? तिसऱ्या प्रश्नाला जो "काहीच नाही" म्हणतो त्याला मी पैसे देत नाही. ज्याच्या सिस्टीममध्ये एकही बग नाही त्याने सिस्टीम चालवलेलीच नाही, एवढं तर आपल्याला कळतं.

आणि द्यायचेच तर दर महिन्याला द्या, थोडे द्या, निदान तीन वर्षं द्या, आणि स्पष्ट लिहून द्या की हे पगारासाठी आहेत. वाढदिवसाला एकदम पंचवीस हजार देण्यापेक्षा महिना हजार रुपये कितीतरी मोलाचे, कारण त्याच्या भरवशावर माणूस नेमता येतो. एकरकमी देणगीवर फक्त खरेदी होते. "कर वाचतो का?" नव्या करप्रणालीत असाल तर नाही वाचत, देणगीची वजावट तिथे मिळत नाही. मग? पिझ्झ्यावर वाचतो का? :)

स्वयंसेवेची हौस असेल तर फोटो काढायला जाऊ नका. आपल्याला जे येतं ते द्या. त्यांचा हिशेब अजून तीन वह्यांत असेल तर एक नीट शीट करून द्या, ऑडिटच्या वेळी रात्री नऊनंतर फोनवर बसा. त्याचे फोटो चांगले येत नाहीत, पण उपयोग होतो.

शेवटी टपरीचं राहिलंच. सगळे बोलून दमले तेव्हा ती मुलगी शांतपणे म्हणाली, "अरे, मी शाळेला वगैरे नाही देत. तिथल्या एका बाई आहेत, तिसरीला शिकवतात. त्यांच्या पगारातला एक हिस्सा आम्ही पाच जणी मिळून देतो. चौथं वर्ष आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू गप्प का? तू कुठे देतोस?"

मी चहाचे पैसे दिले. दुसरं काही देण्यासारखं उत्तर नव्हतं.

काल शनिवारी सकाळी मी त्या मोखाड्याच्या संस्थेचा नंबर शोधून फोन केला. सात-आठ वर्षांनी. नंबर चालू होता, हेच मोठं. आठाची पाच माणसं राहिली आहेत. वर्ग परत सुरू करायचा तर बाई मिळेल का, विचारलं. म्हणाले, "मिळेल हो. पाड्यावरचीच एक मुलगी बारावी झाली आहे. पण साहेब, एक वर्षासाठी नको. एक वर्षासाठी लावून काढायची आणि परत मुलांना सांगायचं की ताई गेली, ते आता आमच्याच्याने होत नाही."

तीन वर्षं म्हणालो. आता अजून अकरा जण शोधतो आहे. बारा हजार पगार, डोकी बारा, महिना हजार. टी-शर्ट मिळणार नाही.